शेवाळाची चौकशी, प्रवाहाला अभय

2021 च्या मे महिन्यात काशीतली गंगा हिरवी झाली. मीरघाटापासून खिडकिया घाटापर्यंतचा सगळा पट्टा हिरवा, आणि त्याच्या मधोमध आमचा पंचगंगा घाट. वर्तमानपत्रांत फोटो आले, प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं बाटल्या घेऊन आली, जिल्हा प्रशासनाने पाच जणांची समिती नेमली. समितीने वरच्या अंगाला, मिर्झापूरकडे बोट दाखवलं: विंध्याचलच्या जुन्या पद्धतीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून शेवाळ वाहत आलं. मग पाऊस आला, पूर आला, पाणी नेहमीसारखं गढूळ झालं आणि विषय संपला.

विषय संपला नाही, संपवला. विंध्याचलचं केंद्र निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण साथीदाराला पकडून मुख्य आरोपीला मोकळं सोडायचं आणि वर चौकशी पूर्ण झाली म्हणून फाईल बंद करायची, याला चौकशी म्हणत नाहीत. शेवाळ वरून वाहत आलं हे उत्तरच नव्हे. शेवाळाच्या पेशी प्रत्येक नदीत बारा महिने असतात. गंगेत त्या एकनाथ महाराजांच्या काळीही होत्या. एरवी न दिसणाऱ्या त्या पेशी नदीचा रंग पालटण्याइतक्या वाढल्या कशा, हा खरा प्रश्न. तो समितीला पडला असेलही, पण निष्कर्ष म्हणून लोकांसमोर आलं ते एका केंद्राचं नाव.

शेवाळं शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, आणि घर ब्रह्माघाटाच्या गल्लीत, पंचगंगेला लागून. त्या दिवसांत घाटाच्या पायऱ्यांशी नाव बांधणाऱ्या एका मल्लाहाला मी विचारलं की हे असं का झालं. त्याने एका वाक्यात सांगितलं, "माताजी, पानी ठहर गया है." त्याच्याच नावेतून मी एक पारदर्शक बाटली भरून घेतली आणि रात्रभर खिडकीत न हलवता ठेवली. सकाळी तळाशी बोटभर रेती, मधलं पाणी जवळजवळ नितळ, आणि अगदी वर हिरवा जाड थर, रंग सांडावा इतका गडद. गाळ खाली बसतो. बहुतेक शेवाळंही हळूहळू खाली जातात. वर येते ती निळी-हिरवी जातकुळी. तिच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. घुसळत्या, धावत्या पाण्यात त्या पोकळ्यांचा काही उपयोग नसतो, प्रवाह सगळ्यांनाच सारखा फिरवतो. पाणी थांबलं की मात्र या पेशी वर तरंगतात, ऊन स्वतः खातात आणि खालच्या सगळ्यांचं ऊन अडवतात. तज्ज्ञांनी तेव्हा मायक्रोसिस्टिसचं नाव घेतलं, ती याच कुळातली. पाणी थांबल्याचा पुरावा घाटावर तरंगत होता. तो वाचायला प्रयोगशाळाही लागत नव्हती.

मल्लाहाचं ते वाक्य आकड्यांत मांडलं की त्याला मॉडेल म्हणतात. या शब्दाला आपल्याकडचे साहेब लोक एक तर घाबरतात, नाही तर त्याच्या आड लपतात, म्हणून तो साधेपणाने सांगते. प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं, मॉडेल म्हणजे घरच्या जमाखर्चाची वही. जमेच्या बाजूला ऊन, उष्णता, नत्र आणि स्फुरद यांवर होणारी वाढ. खर्चाच्या बाजूला प्राणी-प्लवकांनी खाल्लेल्या, तळाशी बसलेल्या, मेलेल्या आणि प्रवाहाने वाहून नेलेल्या पेशी. अमेरिकेत गॉर्डन रायली यांनी जॉर्जेस बँक या समुद्री उथळ भागासाठी 1946 मध्ये ही वही मांडली. ऊन, पाण्याचं तापमान, फॉस्फेट, पाणी किती खोलवर घुसळलं जातं आणि खाणारे जीव किती, एवढ्यावर त्यांनी तिथल्या वनस्पती-प्लवकांच्या वर्षभराच्या चढउतारांचा हिशेब लावला, आणि तो प्रत्यक्ष मोजणीशी चांगला जुळला. नदीच्या पाण्यातल्या प्राणवायूचा हिशेब तर त्याहून जुना. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीसाठी तो 1925 मध्येच मांडला होता. शंभर वर्षांपूर्वीची विद्या आहे ही.

आता हीच वही गंगेवर लावून पाहू. मिर्झापूर काशीच्या वर साधारण सत्तर किलोमीटर धरा. पाणी सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगाने येत असेल तर ते चार दिवसांत काशीला पोचतं. मे महिन्याच्या उन्हात, पोटभर खाद्य असताना शेवाळ दोन दिवसांत दुप्पट होतं असं समजा. चार दिवसांत ते चौपट होईल. आता प्रवाह निम्मा करा, सेकंदाला दहा सेंटिमीटर. पाण्याला आठ दिवस लागतील आणि शेवाळ सोळापट होईल. विंध्याचलहून निघालेलं शेवाळ तेवढंच, केंद्र तेच, सांडपाणी तेच. फक्त पाणी निम्म्या वेगाने आलं. यात खाणारे जीव आणि मरणाऱ्या पेशी मी धरलेल्या नाहीत, त्या धरल्या की आकडे खाली येतील. पण वेग आणि वाढ यांचं नातं साध्या भागाकाराचं नाही, ते गुणाकारावर गुणाकाराचं आहे, ही गोष्ट त्याने बदलत नाही. हे गणित शाळेतल्या मुलालाही येतं. मग समितीच्या निष्कर्षात केंद्राचं नाव ठळक आणि नदीचा वेग तोंडी लावण्यापुरता, हे कसं?

त्या उन्हाळ्यात काशीत इतरही गोष्टी चालू होत्या. समोरच्या रेतीत सुमारे पाच किलोमीटर लांबीचा कालवा खोदला जात होता. पुढे पुराने तो गिळला. ललिता घाटापाशी पात्रात पुढे आलेल्या बांधकामावर संकटमोचन फाउंडेशनचे प्रा. विश्वंभरनाथ मिश्र आणि नदी-अभियांत्रिकीचे जुने जाणकार प्रा. यू. के. चौधरी यांनी उघडपणे प्रश्न विचारले. ललिता घाट पंचगंगेच्या वरच्या अंगाला आहे. प्रशासन म्हणालं मिर्झापूर, प्राध्यापक म्हणाले अडवलेला प्रवाह, आणि वर्तमानपत्रांनी दोन्ही बाजू छापून आपलं कर्तव्य उरकलं. पण अशा वादाचा निकाल लावण्यासाठीच तर मॉडेल असतं. बांधकाम काढून हिशेब चालवा, कालवा काढून चालवा, विंध्याचल काढून चालवा, शेवटी प्रवाह दुप्पट करून चालवा. कुठलं कारण काढल्यावर हिरवा रंग जातो ते दिसेल. प्रयोग करायला नदी पुन्हा बिघडवावी लागत नाही. असा हिशेब त्या वेळी लोकांसमोर कोणी मांडला नाही, आणि मांडावा असा आग्रहही कुठल्या खुर्चीने धरला नाही.

हे काम आपल्या देशाला जमत नाही म्हणावं तर तसंही नाही. समुद्राच्या बाबतीत आपण ते रोज करतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था 1999 पासून आहे. उपग्रहाने टिपलेला पाण्याचा हरित रंग आणि पृष्ठभागाचं तापमान यांवरून ती मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते सांगते, आणि ती सूचना मालवण-रत्नागिरीच्या मच्छीमारांपर्यंत मराठीत पोचते. शेवाळाच्या उद्रेकांवरही ती नजर ठेवते. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून आहे, ती अरबी समुद्राचे प्लवक मोजते. अरबी समुद्रात हिवाळी बहर पूर्वी डायटम शेवाळांचा असायचा, तिथे आता नॉक्टिल्युका हा हिरवा प्लवक पसरतो, हे त्याच संस्थेत घडलेल्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी सहकाऱ्यांसह 2014 मध्ये जगापुढे मांडलं आणि त्याचा संबंध कमी प्राणवायूच्या पाण्याशी लावला. दोघंही गोव्याची माणसं. म्हणजे विद्या आपल्याकडे आहे, माणसं आहेत, उपग्रह आहेत. मालवणच्या खोल समुद्रातल्या प्लवकांचा अंदाज मच्छीमाराला मिळतो, आणि पंचगंगेच्या पायरीवर जे पाणी लोक ओंजळीत घेऊन पितात त्याचा अंदाज मात्र कोणी देत नाही.

समुद्रावर कोणाचा पहारा नाही. उपग्रह वरून पाहतो, आकडे सगळ्यांना मिळतात, अमेरिकेतला विद्यार्थीही अरबी समुद्रावर मॉडेल चालवू शकतो. गंगेच्या प्रवाहाचे आकडे मात्र गुप्त आहेत. देशाबाहेर वाहत जाणाऱ्या नद्यांची जलमापनं सरकारी धोरणानुसार वर्गीकृत माहितीत मोडतात. गंगा त्यांत आहे. संशोधकाला अर्ज करावा लागतो, गोपनीयतेचं हमीपत्र द्यावं लागतं, आणि मग मिळालेला आकडा छापायचा कसा ही विवंचना वेगळीच. मी स्वतः एका कार्यालयाकडे उन्हाळ्यातल्या काशीच्या प्रवाहाचा आकडा मागितला होता. इकडून तिकडे टोलवलं आणि शेवटी देशाच्या सुरक्षिततेचं कारण पुढे केलं. कोणाची सुरक्षितता? मे महिन्यात नदीत किती पाणी उरतं हे शेजारी देशांना कळलं तर आपलं काय बिघडणार? बिघडतं ते आपल्याच माणसांना कळल्यावर. पात्रात किती पाणी सोडलं आणि वर किती अडवलं, हे दोन आकडे एका वहीत आले की जबाबदारीचं नाव आपोआप लिहिलं जातं. मॉडेल नको असतं ते याच कारणासाठी. ते कळायला कठीण आहे म्हणून कोणी त्याला टाळत नाही, त्यात सगळं कळतं म्हणून टाळतात.

बरं, जे मोजतो ते तरी कामाचं आहे का? स्नानाच्या पाण्याचे निकष पाहा. विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू-मागणी जास्तीत जास्त 3, सामू 6.5 ते 8.5, आणि विष्ठाजन्य जिवाणूंच्या मर्यादा. संपली यादी. हरितद्रव्य नाही, स्फुरद नाही, शेवाळाची जात नाही, तिचं विष नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिन या विषासाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मायक्रोग्रॅमचं मार्गदर्शक मूल्य 1998 मध्येच दिलं आहे. आणि या यादीतला प्राणवायू तर शेवाळाच्या काळात सरळ फसवतो. भर दुपारी हिरव्या पाण्यात लाखो पेशी ऊन घेऊन प्राणवायू सोडत असतात. त्या वेळी नमुना घेतला तर आकडा 5 च्या खूप वर, कधी पाण्यात मावणार नाही इतका. अहवालात पाणी उत्तम. तेच पाणी पहाटे चारला तपासा. रात्रभर त्याच पेशींनी तो प्राणवायू वापरलेला असतो, आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात. पहाटेच्या अंधारात घाटावर स्नानाला येणारी माणसं दिसतात, नमुना घेणारा सरकारी माणूस मला कधी दिसला नाही. दिवसरात्रीचा हा हेलकावा मॉडेल एका नजरेत दाखवतं. महिन्यातून एकदा दुपारी भरलेली बाटली तो लपवते.

सांडपाणी केंद्रांचं तर विचारूच नका. 2014 मध्ये सुरू झालेल्या नमामि गंगे या सरकारी गंगा-शुद्धी योजनेला वीस हजार कोटी मंजूर झाले. काशीत दीनापूरला रोज 140 दशलक्ष लिटर शुद्ध करणारं, गोइठ्याला 120 चं केंद्र उभं राहिलं. चांगलं झालं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण 13 ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेत अशा केंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यासाठी कोणत्या अटी आहेत? सामू, जैविक प्राणवायू-मागणी, तरंगते कण आणि विष्ठाजन्य जिवाणू. 2015 च्या मसुद्यात नत्राची मर्यादा होती, अंतिम अधिसूचनेतून ती गेली. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये नत्र-स्फुरदासह कडक निकषांचा आग्रह धरला, तो यासाठीच. अधिसूचनेच्या अटींतून घाण गाळली जाते आणि खत नदीत जातं. शेवाळाला घाण नको असते, खतच हवं असतं. गढूळपणा कमी झालेल्या पाण्यात ऊन खोलवर पोचतं, ते आणखी वेगळं. थांबलेल्या प्रवाहात असं पाणी सोडणं म्हणजे शेवाळाची शेती करणं. ही गोष्ट प्लवकांच्या कुठल्याही मॉडेलने केंद्र बांधायच्या आधी सांगितली असती. पॅरिसच्या सीन नदीसाठी बियेन आणि गार्निए यांनी 1994 मध्ये रिव्हरस्ट्रालर नावाचं मॉडेल मांडलं. उगमाकडच्या ओढ्यांपासून मुखापर्यंत नत्र, स्फुरद, सिलिका आणि प्लवक यांचा एकत्र हिशेब त्यात होतो, कारण नदीतला स्फुरद पुढे समुद्रातला बहर ठरवतो हे त्यांनी मानलं. आपल्याकडे नदीचं खातं वेगळं, समुद्राचं मंत्रालय वेगळं, आणि बंगालच्या उपसागरात गंगा काय नेऊन ओतते याची काळजी कोणाच्याच टेबलावर नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझ्या पेशातल्या लोकांनाही मी सोडणार नाही. मॉडेलच्या नावाने रंगीत नकाशे दाखवणाऱ्यांचं पीक आलंय. प्रवाहाचा आकडा मिळाला नाही की गृहीत धरायचा, स्फुरद मोजला नाही की कुठल्या तरी परदेशी निबंधातून उचलायचा, आणि पडद्यावर निळी नदी वाहती दाखवून कंत्राटाचा पुढचा हप्ता घ्यायचा. रायलींच्या मागे समुद्रावर जाऊन गोळा केलेली मोजणी होती. मोजणीशिवाय मॉडेल म्हणजे शपथेवर दिलेली खोटी साक्ष. अशा अहवालांवर सह्या करणाऱ्या प्राध्यापकांना हे पक्कं ठाऊक असतं. आठवड्यातून एकदा, बारा महिने, पहाटे आणि दुपारी, काशीच्या चार-पाच घाटांवर हरितद्रव्य, स्फुरद आणि पाण्याचा वेग मोजायला कोट्यवधी लागत नाहीत. विद्यापीठ शहरातच आहे, मुलं हुशार आहेत, नावा घाटावर बांधलेल्या आहेत. नाही ती इच्छा.

आता आपल्या मराठी माणसांना. पंचगंगा घाट आपल्याला परका नाही. एकनाथ महाराजांचं भागवत 1573 मध्ये काशीत पूर्ण झालं. औरंगजेबाने बिंदुमाधवाचं जुनं देऊळ पाडून मशीद बांधल्यावर आज जे बिंदुमाधवाचं देऊळ उभं आहे ते औंधच्या राजघराण्याने बांधलं. घाटावरची हजार दिव्यांची दगडी दीपमाळ अहिल्याबाई होळकरांची. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या गल्ल्यांत अजून मराठी घरं आहेत. कार्तिकात आकाशदिवे लागतात तेव्हा महाराष्ट्रातून बसगाड्या भरून लोक येतात, डोळे भरून बघतात, गडू भरून पाणी नेतात. त्यांतल्या एकानेही घाटावर उभं राहून विचारलेलं मी ऐकलेलं नाही की या पाण्याचा वेग किती आणि हे कुठून आलं. पंचगंगा म्हणजे गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. शेवटच्या तिन्ही आता दिसत नाहीत. श्रद्धा ठेवणाऱ्याने उरलेल्या दोघींचा हिशेब मागायला नको का? नुसता नमस्कार करून परत जाणं हे अशा वेळी नदीला सोडून जाणं आहे.

कोल्हापूरकरांनी हे वाचून सुस्कारा टाकू नये. त्यांच्या पंचगंगा नदीत बंधाऱ्यामागे पाणी अडतं, त्यावर केंदाळ माजतं, तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडतो. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीने माणसं गेली. तिथेही दर वेळी नमुना, नोटीस, पंचनामा. तिथेही वही तीच लागते, कारण शेवाळाला जिल्हा कळत नाही, पाण्याचा वेग कळतो.

राहता राहिला तो मुख्य आरोपी. हरिद्वारहून वरचा गंगा कालवा 1854 पासून पाणी नेतो, नरोऱ्याहून खालचा कालवा 1878 पासून. उन्हाळ्यात हिमालयाची गंगा त्या कालव्यांत जाते. काशीला येतं ते मुख्यतः यमुनेच्या वाटेने आलेलं चंबळ-बेतवा-केनचं पाणी, जमिनीतून झिरपलेलं पाणी आणि वरच्या शहरांनी वापरून सोडलेलं पाणी. सात आयआयटींनी 2010 पासून खपून 2015 मध्ये गंगेचा आराखडा सरकारला दिला आणि अविरल प्रवाहाला त्यात अग्रक्रम दिला. आयआयटी कानपूरचे माजी प्राध्यापक, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव गुरुदास अग्रवाल याच मागणीसाठी 111 दिवस उपोषणाला बसले आणि 11 ऑक्टोबर 2018 ला गेले. त्यांच्या मृत्यूच्या दोनच दिवस आधी, 9 ऑक्टोबरला, केंद्र सरकारने किमान प्रवाहाची अधिसूचना काढली. पावसाळा सोडून हरिद्वारच्या भीमगोड्याला सेकंदाला 36 घनमीटर, बिजनौर, नरोरा आणि कानपूरला 24.

ती अधिसूचना उन्नावपाशी संपते. काशी तिच्यात नाही.